वारा बदलला की आरशाचं गणित बदलतं

थंडीत अंजनेरीच्या पायथ्याशी दुर्बीण लावणाऱ्या नाशिककरांना हा अनुभव नवा नाही: एका रात्री गुरूचे पट्टे रेखीव, दुसऱ्या रात्री तोच गुरू उकळतोय. ढग दोन्ही रात्री नसतात. फरक असतो वरच्या वाऱ्याचा आणि दिवसभर तापलेल्या कातळाचा.

न्यूटनने १७०४ साली हवेच्या या खळबळीपुढे हात टेकले होते. उंच डोंगरावरची शांत हवा शोधा, एवढंच त्याचं म्हणणं. १९५३ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी वेगळी वाट सुचवली. हवेने बिघडवलेली प्रकाशलहर मोजायची आणि लगेच उलटी दुरुस्ती करायची, तीही तेलाच्या पातळ थराचा आकार विद्युतभाराने बदलून! यातूनच पुढे ‘अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स’ (एओ) आलं, तेलाच्या जागी वाकणारा आरसा घेऊन. कल्पना चोख, पण तेवढा वेगवान हिशेब करणार कोण?

पुढे पैसा ओतला तो अमेरिकी लष्कराने, सोव्हिएत उपग्रह न्याहाळण्यासाठी. खगोलशास्त्रज्ञांना पहिलं मोठं यश १९८९ मध्ये फ्रान्समध्ये, १.५२ मीटरच्या दुर्बिणीवर मिळालं. लष्कराचं बरंचसं काम १९९१ मध्ये खुलं झालं.

माझ्या मते खरी मेख आरसा वाकवण्यात नव्हतीच. हवेतलं चित्र काही मिलिसेकंदांत पालटतं, म्हणून मोजणी आणि दुरुस्तीचं चक्र सेकंदाला शेकडो, कधी हजारभर वेळा फिरवावं लागतं. प्रत्येक फेरीत चुकीचा किती भाग दुरुस्त करायचा, तो ‘गेन’. वारा वाढला तर गेन वाढवावा लागतो, नाहीतर आरसा मागे पडतो. ज्याच्या प्रकाशावरून मोजणी होते तो तारा अंधुक असेल तर मात्र वाढीव गेनमुळे मोजणीतला गोंगाटच आरशावर उमटतो. हद्द ओलांडली की आरसा थरथरू लागतो. रात्री दहाला बसवलेला आकडा पहाटे चालेलच असं नाही. १९९४ मध्ये जाँद्रों आणि लेना या फ्रेंच शास्त्रज्ञांनी प्रत्येक प्रकारच्या विकृतीला वेगळा गेन, तोही त्या वेळच्या नोंदींवरून, ठरवण्याची रीत दिली.

ही देखरेख यंत्रावरच सोपवण्यात पुण्याचाही हात आहे. पुण्याची खगोलसंस्था आयुका आणि अमेरिकेतली कॅलटेक यांची ‘रोबो-एओ’ ही यंत्रणा कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या १.५ मीटर दुर्बिणीवर, लेझरने बनवलेल्या कृत्रिम ताऱ्यासह, माणसाविना चालली. आयुकाची स्वतःची २ मीटरची दुर्बीण गिरवलीला, पुणे-नाशिक महामार्गापासून थोडी आत आहे.

आता भर आहे तो अंदाज बांधण्यावर. वारा हवेतले भोवरे जवळपास जसेच्या तसे वाहून नेतो, त्यामुळे पुढच्या क्षणाचा बिघाड आधीच ओळखता येतो. पण वेगवेगळ्या उंचीवरचे थर वेगवेगळ्या दिशेला धावतात, आणि वाऱ्याने दिशा बदलली की हा अंदाज नव्याने शिकावा लागतो.