खाचेत कोरलेला आवाज

विनाइल रेकॉर्ड दिव्याखाली जराशी तिरकी धरा. काळ्या पृष्ठभागावर कुठे गडद, कुठे उजळ पट्टे दिसतील. गडद पट्ट्यात संगीत हळुवार असतं, उजळ पट्ट्यात ते भरात आलेलं असतं. आवाजाला इथे चक्क आकार असतो. रेकॉर्ड जमवण्याची आणि वाजवण्याची ओढ माझ्या मते इथूनच सुरू होते.

एका बाजूला खाच एकच असते. काठापासून लेबलापर्यंत फिरत जाणारी ही खाच सरळ केली, तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. हिऱ्याची सुई तिच्या वळणांबरोबर थरथरते. सुई जिच्यात बसवलेली असते त्या छोट्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. बहुतेक कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीमागे इवलासा चुंबक असतो. तो तारेच्या वेटोळ्यांजवळ हलला की त्यांत काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

पण खाच एक आणि आवाज दोन, डावा आणि उजवा, हे कसं जमतं? याचं उत्तर मला अभियांत्रिकीतल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतं. खाचेचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. तिच्या दोन्ही भिंती पृष्ठभागाशी ४५ अंशांत, म्हणजे एकमेकींशी काटकोनात असतात. लेबलाकडच्या भिंतीवर डावा आवाज कोरलेला, काठाकडच्या भिंतीवर उजवा. दिशा काटकोनात असल्यामुळे एका भिंतीची हालचाल दुसरीत मिसळत नाही, निदान तत्त्वतः तरी. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज, उदाहरणार्थ मधोमध ऐकू येणारा गायक, सुईला फक्त आडवं हलवतो. दोन्हींतला फरक तिला वरखाली हलवतो. म्हणूनच अशी दोन आवाजांची, म्हणजे स्टिरिओ रेकॉर्ड एकच आवाज देणाऱ्या मोनो यंत्रणेवरही नीट ऐकू येते. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ च्या पेटंट अर्जात ही कल्पना मांडली. अशा रेकॉर्ड बाजारात रुळायला मात्र १९५८ उजाडलं.

खर्जातला आवाज ही मोठी अडचण. तो जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद झोके घेते की शेजारच्या वेढ्यात घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि तार स्वर वाढवतात. वाजवताना फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारं उपकरण, याच्या नेमकं उलट करतो. तार स्वर खाली आणताना खरखरही कमी होते, हा मोठाच फायदा. नव्या टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राचा, आवाज बारीक आणि पोकळ येत असेल, तर हा प्रीअँप जोडायचा राहिला आहे का, हे आधी बघावं.

दुसरी मर्यादा भूमितीची. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला काठाजवळ सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २० ते २५. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबावा लागतो, त्यामुळे रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटी ‘स’ आणि झांजा फाटल्यासारख्या वाटू शकतात. शेवटी शांत गाणं ठेवण्याची पसंती यातूनच आली.

मोजमापात सीडी निर्विवाद सरस आहे. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर तिच्यात सुमारे ९६ डेसिबल, रेकॉर्डमध्ये साधारण ६० ते ७०. रेकॉर्डचा आवाज ‘अधिक खरा’ असल्याचा दावा मला पटत नाही. तरीही मी ती लावतो. आवाज कुठून कसा आला हे इथे टप्प्याटप्प्याने बघता येतं, आणि वीसेक मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते म्हणून ऐकणंही लक्षपूर्वक होतं.

संग्रह सुरू करणाऱ्याने खर्च आधी सुईवर करावा. सुईचा भार दीड-दोन ग्रॅमच असतो, पण तो इतक्या सूक्ष्म जागेवर पडतो की दाब प्रचंड होतो. झिजलेल्या सुईच्या कडा खाचेच्या भिंती तासतात, आणि तासलेली भिंत कितीही स्वच्छ केली तरी भरून येत नाही. धूळ वाजवण्यापूर्वी कार्बनच्या ब्रशने काढावी. विनाइलवर स्थिर विद्युतभार पटकन साचतो आणि धूळ ओढून घेतो. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात. एकमेकींवर आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात.