प्रश्न कोणी विचारायचा? ख्रिस्ती शिक्षण घरातून वर्गात कसे गेले

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांच्या धर्मशिक्षणाचा विषय निघाला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पालक म्हणतात, शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, मुले काही शिकत नाहीत. शिक्षक म्हणतात, घरी बायबल उघडलेच जात नाही. तक्रारी दोन्ही खऱ्या, पण हिशेब कोणी मांडत नाही. वर्षाचे रविवार ५२. परीक्षा, सुट्ट्या, आजारपण वजा जाता नेमाने येणारे मूलही ४० वेळा येते. तासाभरातली २० मिनिटे हजेरी, गाणी आणि अर्पणात जातात. उरलेली ४० मिनिटे गुणिले ४०, म्हणजे वर्षाकाठी जेमतेम २७ तास. एवढ्यात विश्वास घडावा ही अपेक्षा आली कुठून, हे पाहायचे तर बरेच मागे जावे लागते.

बायबलमध्ये लहान मुलांसाठी धर्मशिक्षणाची वेगळी शाळा दिसत नाही. तिथे घर आहे, आणि घरात मूल प्रश्न विचारते. वल्हांडण या यहुदी सणाच्या विधीत मुले विचारतील, ‘याचा अर्थ काय?’, तेव्हा काय सांगायचे ते निर्गम १२ मध्ये दिले आहे. अनुवाद ६ मध्ये आज्ञांविषयी घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता बोलत राहायला सांगितले आहे, म्हणजे वेगळा तास न काढता दिवसाच्या ठरलेल्या चार वेळांना जोडून. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला. त्याचे वडील ग्रीक होते. आईवडील दोघेही सारखेच विश्वासू असल्याशिवाय काही जमत नाही असे मानणाऱ्यांनी हे घर जरा निरखून पाहावे.

आरंभीच्या मंडळीने शिक्षणाची जी काटेकोर व्यवस्था उभारली ती प्रौढांसाठी होती. हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या जुन्या नियमावलीत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षे शिकायला सांगितले आहे; मात्र माणूस तळमळीचा असेल तर काळ नव्हे, वागणूक पाहावी, अशी पुस्तीही जोडली आहे. मुलांबद्दल तिथे थोडेच आहे. आधी मुलांना बाप्तिस्मा द्यावा, ज्यांना बोलता येते त्यांनी स्वतः उत्तर द्यावे, ज्यांना येत नाही त्यांच्या वतीने आईबापांनी किंवा घरातल्या कोणी बोलावे. पुढे बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच होऊ लागला आणि आधी शिक्षण, मग बाप्तिस्मा हा क्रम उलटला. शिक्षण नंतर द्यायचे ठरले, पण ते कोणी द्यायचे? ८१३ मध्ये माइन्झच्या धर्मसभेने आईबापांना स्वतःच्याच मुलाचे धर्ममातापिता, म्हणजे बाप्तिस्म्यात मुलाची हमी घेणारे, होण्यास मनाई केली. कारण आध्यात्मिक नात्याच्या नियमांचे होते, तरी परिणाम असा की मुलाच्या विश्वासाची हमी देताना आईबाप बाजूला उभे राहिले.

सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात हे शिक्षण पुन्हा घरात आणण्याचा मोठा प्रयत्न झाला. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या मंडळ्यांची पाहणी करताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला दिसले की खेड्यातल्या लोकांना प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञासुद्धा येत नाहीत आणि कित्येक पाळकही शिकवण्यास असमर्थ आहेत. १५२९ मध्ये त्याची लहान प्रश्नोत्तरावली, म्हणजे विश्वासाची मूलतत्त्वे प्रश्न आणि उत्तरांतून शिकवणारी पुस्तिका, आली, ती आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात. भागांच्या मथळ्यांत लिहिले होते की घरच्या कर्त्याने हे आपल्या माणसांना सोपे करून शिकवावे. प्रस्तावनेतली पद्धत आजही शिक्षकांनी वहीत उतरवून घ्यावी अशी आहे. पहिली पायरी, एकच पाठ ठरवा आणि त्यातले अक्षरही बदलू नका; यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरा शब्द वापरला तर कोवळी मुले गोंधळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. दुसरी, शब्द पाठ झाल्यावरच अर्थ सांगा, एकेक आज्ञा सावकाश घेऊन. तिसरी, मग मोठ्या प्रश्नोत्तरावलीकडे वळा. वचन आज एका भाषांतरातून आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्यातून पाठ करून घेणारे वर्ग पहिल्याच पायरीवर घसरतात. न शिकणाऱ्यांना आईबापांनी जेवण देऊ नये हाही सल्ला त्याच प्रस्तावनेत आहे. तो मात्र वहीत उतरवू नये.

पुढे प्रश्नोत्तरावल्यांचे पीकच आले. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत १२९ प्रश्न असून ते ५२ रविवारांत वाटलेले आहेत. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरावलीत १०७ आहेत. पाठांतराला हा साचा उत्तम, पण एक गोष्ट नकळत पालटली. निर्गममध्ये मूल विचारत होते आणि मोठे सांगत होते. आता मोठे विचारू लागले आणि मूल ठरलेले उत्तर देऊ लागले. मुलाचा स्वतःचा प्रश्न या साच्यात कुठे बसवायचा, हे पुस्तकात नव्हते.

घरावरचा भर मात्र अजून सुटला नव्हता. स्कॉटलंडच्या मंडळीने १६४७ मध्ये कौटुंबिक भक्तीचे नियम केले. ती टाळणाऱ्या घरच्या कर्त्याला आधी खाजगीत समज द्यायची, मग वडीलमंडळाने कडक शब्दांत सुनवायचे, तरीही न सुधारल्यास प्रभूभोजनापासून दूर ठेवायचे. इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टरच्या रिचर्ड बॅक्स्टरने धाकापेक्षा श्रमाचा मार्ग धरला. तो आणि त्याचा मदतनीस सोमवार-मंगळवार सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत आठवड्याला १५-१६ कुटुंबे घेत आणि आठशेहून अधिक कुटुंबांची फेरी वर्षात पुरी करत.

खरे वळण १७८० चे. ग्लॉस्टर शहरात टाचण्यांच्या कारखान्यांत आठवडाभर राबणारी मुले रविवारी रस्त्यावर धुडगूस घालत. रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्राच्या मालकाने चार स्त्रियांना दिवसाला एक शिलिंग देऊन या मुलांना शिकवायला लावले. वेळापत्रक असे: दहानंतर लगेच यायचे, बाराला घरी, एकला परत, वाचनाचा धडा, मग उपासना, आणि उपासनेनंतर पाच वाजून जाईपर्यंत प्रश्नोत्तरावलीची घोकणी. सुटताना गलका न करता घरी जाण्याची ताकीद. म्हणजे शब्बाथ शाळा जन्माला आली ती ज्यांच्या घरी शिकवणारे कोणी नव्हते त्यांच्यासाठी, आणि तिचे निम्मे काम अक्षरओळखीचे होते. पुढे सरकारी शाळा आल्या, वाचन तिकडे गेले. शब्बाथ शाळा मात्र राहिली, आणि आता तिच्या वर्गात मंडळीतल्या शिकलेल्या कुटुंबांचीच मुले बसू लागली. ज्या आईबापांना सारे काही शिकवता येत होते, त्यांनीही आपले काम तिच्याकडे सोपवले. रेक्सने तासांचा हिशेब तरी ठेवला होता. त्याचा जवळजवळ अख्खा दिवस आपल्याकडे एका तासावर आला आणि अपेक्षा तेवढीच राहिली.

अमेरिकेत १८७२ मध्ये एकसमान पाठमाला ठरली. एका रविवारी सर्व वयांना एकच शास्त्रभाग. लहानांना ते झेपेना म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी वयानुसार पाठ आले. शिकवण्याच्या दृष्टीने ही सुधारणाच होती, पण पूर्वी आई, मुलगा आणि आजी एकाच वचनावर जेवताना बोलू शकत, तो धागा तुटला. नंतर मुलांसाठी मोठ्यांच्या उपासनेच्याच वेळी वेगळी उपासना सुरू झाली. आईबाप शांत झाले, उपदेशात रडण्याचा व्यत्यय थांबला, आणि मुलांना वडिलांना प्रार्थना करताना पाहण्याची आठवड्यातली एक ठरलेली जागा गेली.

कॅथलिक परंपरेत १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे (पहिल्यांदा प्रभूभोजन घेण्याचे) वय सुमारे सातवर आणले. मूल तयार आहे की नाही हे वडिलांनी आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी ठरवायचे होते. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे पुन्हा सांगितले. पुन्हा सांगावे लागले, यातच परिस्थिती कळते.

आजच्या घरातली अडचण या साऱ्यावर उभी आहे. लहानपणी वर्गाकडे सोपवलेले मूल अकरा-बाराव्या वर्षी अमूर्त विचार करू लागते आणि ‘देव आहे तर दुःख का?’ असे विचारते. प्रश्न शब्बाथ शाळेत येत नाही. झोपण्याआधी, दिवा मालवताना येतो. पालकाला उत्तर द्यायची सवय नसते, म्हणून तो ‘पाळकांना विचार’ म्हणतो किंवा चिडतो. इफिसकरांस पत्रातली मुलांना चिडीस न आणण्याची सूचना याच क्षणासाठी असावी असे वाटते. दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास मुलाने स्वतः कबूल करण्याच्या विधीचा, अभ्यासक्रम याच वयात येतो. शेवटी परीक्षा, प्रमाणपत्र, समारंभ. मुलांना तो शाळा सुटल्यासारखा वाटतो आणि बरीच पुन्हा दिसत नाहीत.

कौटुंबिक प्रार्थना मोडते तीही ठरावीक कारणांनी. पहिल्या आठवड्यात अर्धा तास घेतला जातो, तिसऱ्या आठवड्यात ती बंद. सात-आठ मिनिटे पुरतात: बायबलची सहा-सात वचने, मुलाचा एक प्रश्न, एक छोटी प्रार्थना. वेळ घड्याळाची नको, रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीनंतरची हवी. प्रार्थनेत मुलाच्या दिवसभरातल्या चुका देवाला सांगू नयेत; मुलांना ते लगेच कळते, आणि ती प्रार्थनेलाच घाबरू लागतात.

मंडळीसाठी बॅक्स्टरचा हिशेब अजून चालतो. ६० कुटुंबे असतील तर आठवड्याला दोन घरे, ३० आठवड्यांत फेरी पुरी. फसते ते असे: पाळक येणार म्हणून आदल्या दिवशी मुलांकडून दोन सुवर्णवचने घोकून घेतली जातात, ती म्हणून दाखवली जातात, सगळे खूश. बॅक्स्टर अशा वेळी एकेकाशी वेगळे, इतरांना ऐकू जाणार नाही असे बोलायला सांगतो, म्हणजे न येणाऱ्याला चारचौघांत लाज वाटत नाही. म्हणून मुलांना खेळायला पाठवून आधी आईशी आणि वडिलांशी वेगवेगळे बसावे, आणि मुलाने शेवटचा कोणता प्रश्न विचारला होता, ते विचारावे.