ढगातली आंधळी कोशिंबीर

मुलुंडचा माझा एक मित्र दरवर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियाला बहिणीकडे जातो. जूनमध्येच. बहिणीला सुट्टी असते जुलैत, ती दरवर्षी चिडते, पण हा ३० जूनच्या आत तिथे पोचतोच. आम्हाला वर्षानुवर्षं वाटत होतं की इथला चिखल चुकवतोय. मग कळलं की यामागे एक अमेरिकन नियम आहे, आणि त्या नियमामागे आपल्या कानाच्या आतली एक गंमत आहे, जी मला इतकी आवडली की हा लेख लिहायला बसलो.

मित्र हौशी पायलट आहे. नोकरी बँकेच्या आयटीत, पण लायसन्स तिकडे काढलंय आणि त्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंगसुद्धा आहे, म्हणजे बाहेर काहीही दिसत नसताना फक्त समोरची उपकरणं बघून ढगातून विमान न्यायची परवानगी. हे रेटिंग कागदावर कायम राहतं, पण वापरायचं तर मागच्या सहा कॅलेंडर महिन्यांत सहा अ‍ॅप्रोच केलेले पाहिजेत (अ‍ॅप्रोच म्हणजे उपकरणांवर विश्वास ठेवून धावपट्टीपर्यंत खाली येणं), शिवाय होल्डिंग, म्हणजे एटीसी (जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणारी यंत्रणा) थांब म्हणाली की हवेत एका ठरलेल्या जागी लंबगोल फेऱ्या मारत राहणं, आणि एखादा रेडिओ किंवा जीपीएसचा मार्ग पकडून त्यावर टिकणं. हे सगळं झालेलं असेल तर तुम्ही ‘करंट’. जूनमध्ये केलं तर ३१ डिसेंबरपर्यंत करंट, त्यानंतर सहा महिने सवलतीचे. त्या काळात स्वतःच्या जबाबदारीवर ढगात शिरायचं नाही, पण स्वच्छ हवेत टांग्याच्या घोड्याला लावतात तशी झापडं लावून, शेजारी बाहेर बघायला दुसरा पायलट बसवून, तेच सगळं करून परत करंट होता येतं. ही सवलत संपते ३० जूनला. १ जुलै उजाडला की इन्स्ट्रक्टरपुढे बसून रीतसर चेक द्या. आपल्या डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, गणित वेगळं, इथे वर्षाला एक चेक असतो, युरोपातही रेटिंग वर्षाचंच.

मी त्याला विचारलं होतं की अरे, सायकल एकदा आली की आली, मग विमानाचं असं काय आहे? तर म्हणाला, लहानपणी फुगडी घातलीयेस ना?

फुगडी घालताना काय होतं बघा. पहिल्या चार-पाच गिरक्यांना जग गरगर फिरतं, मग जरा लय लागते, आणि थांबलात की खरी मजा सुरू होते, पाय जमिनीवर घट्ट पण अंगण उलट्या बाजूला फिरायला लागतं. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार तीन नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात, त्यांत द्रव भरलेला असतो आणि प्रत्येकीत जेलीसारखा एक मऊ पडदा असतो. डोकं फिरलं की नळी फिरते पण द्रव जागच्या जागी राहायला बघतो, त्यामुळे पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो की आपण फिरतोय. पण त्याच वेगाने फिरत राहिलात तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नळीबरोबर फिरायला लागतो, पडदा सरळ होतो, आणि मेंदूला वाटतं की आता आपण थांबलो. खरे थांबता तेव्हा नळी थांबते, द्रव पुढे जातो, पडदा उलटा वाकतो. म्हणून अंगण फिरतं. थोडक्यात कानाला फिरणं कळत नाही, फिरण्यातला बदल तेवढा कळतो, आणि तोही अगदी हळू झाला तर कळतच नाही.

जमिनीवर हे चालून जातं कारण डोळे कानाला लगेच दुरुस्त करतात. ढगात डोळ्यांना सगळीकडे पांढरंच. समजा विमान हळूच, अगदी आस्ते, डावीकडे कलंडलं. कानाला पत्ता नाही. कललेलं विमान वळायला लागतं आणि वळताना नाक थोडं खाली जातं, उंची उतरायला लागते. पायलटला वाटतं आपण सरळच आहोत, फक्त खाली चाललोय, म्हणून तो स्टिक मागे ओढतो. पण विमान कललेलं असताना स्टिक ओढली की ते वर जात नाही, वळण अजून घट्ट होतं. उंची अजून वेगाने जाते, तो अजून ओढतो. आणि समजा मध्येच शहाणपण सुचून त्याने पंख सरळ केले, तर कान ओरडतो की आता तू उजवीकडे कललास! मग बिचारा परत डावीकडे. या घसरगुंडीला इंग्रजीत स्मशानाचं नाव आहे, उगाच नाही.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हे मोजून बघितलं गेलं. उपकरणांवर उडवायचा काहीच अनुभव नसलेले २० जण घेतले, बाहेरचं दिसणं बंद केलं आणि घड्याळ लावलं. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. सगळ्यात लवकर २० सेकंदांत, सगळ्यात टिकलेल्याचं ४८० सेकंदांत, सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत! दादरहून माटुंग्याला लोकल पोचायला साधारण तेवढाच वेळ लागत असेल.

मुंबईकरांना हे सांगताना १ जानेवारी १९७८ ची रात्र टाळता येत नाही. दुबईला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७४७, ‘सम्राट अशोक’, सांताक्रूझहून समुद्राच्या दिशेने उडालं आणि साधारण १०१ सेकंदांनी वांद्र्याच्या समोर पाण्यात कोसळलं, २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. उडाल्यावर विमानाने उजवीकडे छोटं वळण घेतलं, परत सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचा कृत्रिम क्षितिज दाखवणारा डायल अडकला होता, तो उजवीकडेच कललेलं दाखवत राहिला. म्हणून कॅप्टन डावीकडे वळवत गेले, वळवत गेले, विमान पार आडवं होईपर्यंत. बाहेर रात्र, खाली समुद्र, किनाऱ्याचे दिवे मागे पडलेले, म्हणजे ढग नसतानाही ढगात असल्यासारखंच. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ही की शेजारच्या को-पायलटचा डायल ठीक होता, तिसरा राखीव डायलसुद्धा ठीक होता. म्हणजे नुसतं ‘उपकरणावर विश्वास ठेवा’ एवढं पुरत नाही. कुठल्या उपकरणावर, ते दोन-चार सेकंदांत ठरवता आलं पाहिजे.

(जुहूला १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते रेडिओशिवाय, खाली जमीन बघत बघत. पावसाळ्यात जुहूचं मैदानच पाण्याखाली जायचं म्हणून ती सर्व्हिस पुण्याला हलवावी लागायची. पण नुसत्या उपकरणांवर उडायचं तंत्र तेव्हा आलेलं होतं, जिमी डूलिटल नावाच्या अमेरिकन पायलटने २४ सप्टेंबर १९२९ ला कॉकपिट पूर्ण झाकून विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. पुढच्या सीटवर एक सेफ्टी पायलट होता, त्याने हात वर धरून ठेवले होते, लोकांना दिसावं की मी काही करत नाहीये.)

आता मुद्द्याची गोष्ट. ट्रेनिंगने कान सुधारत नाही. दहा हजार तास उडवलेल्या कॅप्टनचा कानही ढगात तेवढंच खोटं बोलतो. सुधारते ती फक्त सवय, कानाकडे दुर्लक्ष करून नजर एका डायलवरून दुसऱ्यावर सतत फिरवत ठेवायची, वेग, क्षितिज, उंची, दिशा, परत क्षितिज, कुठेही चिकटून बसायचं नाही. मग सहा महिन्यांत गंजतं ते हेच, असं मला वाटलं होतं. मित्रालाही वाटायचं.

पण २०१४ मध्ये नासाच्या संशोधकांनी इतरांबरोबर मिळून एक अभ्यास केला. त्यात एअरलाइनचे १६ पायलट ७४७ च्या सिम्युलेटरमध्ये बसवले, असे की जे रोज ऑटोपायलटवर उडवतात आणि हाताने क्वचितच. मग ऑटोमेशन काढून घेतलं. नजर फिरवणं आणि हाताने उडवणं बऱ्यापैकी शाबूत निघालं, थोडा गंज असेल तेवढाच. गडबड झाली ती डोक्याच्या कामात. नकाशाचा डिस्प्ले नसताना आपण आत्ता कुठे आहोत हे लक्षात ठेवणं, पुढची पायरी कोणती ते आधी ठरवणं, आणि एखादं उपकरण बिघडलंय हे ओळखणं. तिसरी गोष्ट वाचली आणि मला सम्राट अशोकच आठवलं.

म्हणजे हातांच्या बाबतीत सायकलवाला नियम बराचसा लागू आहे, डोक्याच्या बाबतीत नाही. आणि इथे मला अमेरिकन नियम जरा गंमतीदार वाटतो. सहा अ‍ॅप्रोच मोजतो, पण ते ऑटोपायलट लावून, जीपीएसच्या रंगीत नकाशावर स्वतःचं छोटं विमान सरकताना बघत केले तरी चालतात. हिशोब पूर्ण, डोक्याला व्यायाम शून्य. उलट मान्यता मिळालेलं ट्रेनिंग डिव्हाइस नसेल तर घरच्या कॉम्प्युटरवर शंभर अ‍ॅप्रोच केलेत तरी लॉगबुकात एक धरत नाहीत.

मित्राच्या बेडरूमच्या कोपऱ्यात असंच मान्यता नसलेलं प्रकरण आहे, दोन स्क्रीन, एक योक (विमानाचं स्टिअरिंग), पाय मारायची पेडल्स. त्यात फुगडीचा भाग नाही, खुर्ची हलत नाही त्यामुळे कानाशी भांडण होतच नाही, ही त्याची मोठी कमी. पण डोक्याची तालीम जबरदस्त होते, कारण बिघाड करायचं खातं वहिनींकडे आहे. त्यांच्या फोनवर एक अ‍ॅप आहे, स्वयंपाक करता करता कधीही काहीही बंद करतात, आणि सांगत नाहीत. त्यांचा आवडता बिघाड म्हणजे व्हॅक्युम पंप. जुन्या सेसनासारख्या छोट्या विमानात क्षितिज आणि दिशा दाखवणाऱ्या दोन्ही डायलांतले जायरो, म्हणजे भोवऱ्यासारखी चाकं, या पंपाच्या हवेच्या खेचीवर फिरतात, पंप गेला की ते एकदम मरत नाहीत, भोवरा मंदावताना डुलतो तसे हळूहळू कलत जातात. वळण दाखवणारा डायल विजेवर चालतो, तो खरं बोलत राहतो. दोघांचं पटत नाहीये हे ज्याला वेळेत दिसलं तो वाचला. मग मित्र खोटं बोलणारे दोन डायल चक्क कागद चिकटवून झाकतो, कारण चुकीचा डायल माहीत असूनही नजर तिकडेच जाते.

मलाही एकदा बसवलं. मुंबईचाच अ‍ॅप्रोच, पूर्वेकडून घाटकोपरवरून २७ नंबरच्या धावपट्टीवर, ढग पार खालपर्यंत. डायलवर दोन काटे, उभा दिशेचा, आडवा उंचीचा, त्यांचा क्रॉस मध्ये ठेवायचा, बास, असं वाटतं. उभ्या काट्याच्या मागे लागलो तर उंची विसरलो, उंची सावरली तर मित्र विचारतो, आत्ता तू कुठे आहेस? ठाण्याची खाडी आली का? मी म्हटलं, अरे मला काय माहीत, पांढरंच दिसतंय! तो म्हणाला, मग मिस्ड अ‍ॅप्रोच (न उतरता परत वर जाणं) आलाच तर कुठे वळणार, ते आत्ता माहीत पाहिजे, तेव्हा नाही. एवढ्यात वहिनींनी आतून विचारलं, चहात आलं घालू का, आणि मी हो म्हणेपर्यंत माझं विमान ट्रॉम्बेच्या डोंगराकडे निघालेलं होतं. १७८ सेकंदसुद्धा झाले नसावेत.

खऱ्या ढगाची भूक मात्र जूनमध्येच भागते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत समुद्रावरून ढगांचा एक पातळ, सौम्य थर येतो, वीज नाही, बर्फ नाही, हजार-दोन हजार फूट जाडीचा, वर लख्ख ऊन. सरावाला याहून चांगला ढग मिळणार नाही. आपल्याकडचे जूनचे ढग बघून कुणाला सेसना घेऊन आत शिरावंसं वाटलं तर त्याला आधी घरी बसवून चहा पाजा. झापडं लावून उडताना खालच्या कडेने चोरून जमीन दिसतेच, मित्र कबूल करतो, खऱ्या ढगात तशी चोरी करता येत नाही, आणि तिथे पहिल्यांदा डोकं वळवून पायाशी पडलेली पेन्सिल उचलायला वाकलो तेव्हा पोटात जे झालं ते खुर्चीत कधीच झालं नव्हतं, असंही म्हणतो.

या वर्षी २६ तारखेला सहावा अ‍ॅप्रोच पूर्ण केला त्याने. परत आल्यावर मी विचारलं, सहापैकी हाताने किती केलेस, खरं सांग. म्हणाला, चार. वहिनी आतून म्हणाल्या, तीन.