कठड्याच्या गजांमधली फट किती असावी?

कठडा उंच आणि भक्कम असला की लहान मूल सुरक्षित, हा समज अर्धाच खरा आहे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि टणक असतं, धड मात्र दबतं. म्हणून खरी घातक फट ती, जिच्यातून पाय आणि कंबर निसटतात पण डोकं अडकतं. मूल मानेवर लटकतं. त्यासाठीच नियम गोळ्यावर बेतलेला आहे: इंग्लंडमध्ये 100 मिमी आणि अमेरिकेच्या निवासी संहितेत 4 इंच (सुमारे 102 मिमी) व्यासाचा गोळा कठड्यातून पार होता कामा नये.

सपाट डेकवर हिशेब सोपा. दोन खांबांमध्ये मोकळी जागा 1800 मिमी, गज 40 मिमी रुंद. फटी नेहमी गजांपेक्षा एकने जास्त. किमान गज = (1800 − 100) ÷ (40 + 100) = 12.14. इथे 12 घेतले तर फट 101.5 मिमी होते, म्हणजे 100 मिमीचा नियम मोडला. 13 घेतले तर 91.4. मी 14 लावेन, फट 82.7. लाकूड वाळलं की आकसतं, बारीक गज दाबला की वाकतो. शिवाय अमेरिकेत खेळाच्या मैदानातल्या साधनांसाठी 3.5 ते 9 इंचांची (सुमारे 89 ते 229 मिमी) फट डोकं अडकवणारी मानतात; 91.4 त्यात येते, 82.7 येत नाही.

जिन्यावर खरी गंमत आहे. पायरीचा सपाट भाग, तिचा उभा भाग आणि कठड्याची तिरपी खालची पट्टी मिळून काटकोन त्रिकोण होतो. त्यात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे दोन बाजूंची बेरीज वजा कर्ण. पायरी 280, उंची 178 असेल तर कर्ण 331.8 आणि व्यास 126 मिमी. पट्टी पायऱ्यांच्या कडांना टेकवली तरीही 100 चा गोळा जातोच! म्हणून अमेरिकी संहिता या त्रिकोणापुरती 6 इंचांची (152 मिमी) सूट देते. आता पट्टी कडांपासून सरळ वर 50 मिमी उचला. समरूप त्रिकोण 228/178 पटीने वाढतो, व्यास 162 होतो आणि ती सूटही हातची जाते. 30 मिमीला तो 147 च राहतो.

तयार पॅनेलवरच्या ‘चाइल्डप्रूफ’ शिक्क्यावर विसंबू नका. पॅनेल आणि खांब यांच्यामधली फट कारखान्यात ठरत नाही, ती बसवताना ठरते. गोळा तिथेही लावून बघा.