तज्ज्ञ दूर, ईसीजी मात्र ऐंशी किलोबाइटचा

टेलिमेडिसिन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पडदा येतो. पलीकडे डॉक्टर, अलीकडे रुग्ण आणि मधेच अडकणारं चित्र. त्यामुळे चर्चाही लगेच इंटरनेटच्या वेगावर घसरते. वेगवान नेटवर्क खेड्यात पोहोचलं की हृदयरोगतज्ज्ञही पोहोचला, असं धरून चाललं जातं. हा समज दोन्हीकडून चुकीचा आहे. अनेक आजारांत तज्ज्ञाला निर्णयासाठी लागणारी माहिती इतकी थोडी असते, की ती रखडत चालणाऱ्या नेटवर्कवरूनही सहज जाते. आणि ती मुळातच चुकीची टिपली गेली असेल, तर वेगवान नेटवर्क ती चूकच लवकर पोहोचवतं.

दुरून निदान करण्याची कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोवेन यांनी हृदयाचे विद्युत संकेत आलेखात (म्हणजेच ईसीजीत) नोंदवणारं स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर बनवलं होतं. त्याचं वजन सुमारे २७० किलो होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. असं धूड रुग्णालयात हलवणं अशक्य. म्हणून १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रुग्णाच्या हृदयाचा संकेतच प्रयोगशाळेत आणला. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. रुग्ण जागेवर, तज्ज्ञ जागेवर, प्रवास फक्त संकेताचा, हे तत्त्व तेव्हापासून बदललेलं नाही.

आता हा संकेत केवढा असतो ते पाहू. हृदयाचा ठोका म्हणजे स्नायूंतून पसरत जाणारी विद्युत लाट. त्वचेपर्यंत पोहोचताना तिची उंची जेमतेम एक मिलिव्होल्टच्या घरात उरते. छातीवर सहा आणि हातापायांवर चार असे दहा इलेक्ट्रोड लावून यंत्र हे बारीक विभवांतर मोजतं आणि त्यातून बारा आलेख काढतं. या प्रत्येक आलेखाला लीड म्हणतात. एकच हृदय बारा कोनांतून दिसतं.

आलेख अंकांत पाठवायचा तर सेकंदाला किती वेळा मोजायचं? निदानाला लागणारे बारकावे साधारण १५० हर्ट्झपर्यंतच्या वारंवारतेत असतात. नायक्विस्टच्या नियमाप्रमाणे त्याच्या दुपटीहून अधिक वेळा, म्हणजे सेकंदाला ३०० पेक्षा जास्त वेळा मोजायला हवं. व्यवहारात ५०० वेळा मोजतात. दहा सेकंदांत एका लीडचे ५,००० अंक झाले. प्रत्येक अंकाला दोन बाइट धरले तर दहा किलोबाइट. बारा लीड्सचे १२० किलोबाइट.

पण बारा लीड्स पाठवायची गरजच नसते, आणि यातली मला सगळ्यात भावणारी गोष्ट हीच आहे. पहिली लीड म्हणजे डाव्या हाताचं विभव वजा उजव्या हाताचं. दुसरी म्हणजे डाव्या पायाचं वजा उजव्या हाताचं. दुसरीतून पहिली वजा करा. उजवा हात गणितातून उडून जातो आणि उरतं डाव्या पायाचं विभव वजा डाव्या हाताचं. हीच तिसरी लीड! ती वेगळी मोजावीच लागत नाही. हातापायांच्या उरलेल्या तीन लीड्सही याच दोघींतून निघतात. उदाहरणार्थ, पहिली आणि दुसरी यांच्या बेरजेचं निम्मं करून चिन्ह बदललं की एव्हीआर ही लीड मिळते. म्हणजे छातीच्या सहा आणि हातापायांच्या दोन अशा आठच लीड्स पाठवायच्या, बाकीच्या चार पलीकडचा संगणक काढतो. दाबून लहान न करताही हे झाले ऐंशी किलोबाइट. फोनवरच्या साध्या फोटोपेक्षा कमी. सेकंदाला ४० किलोबिट एवढाच वेग मिळाला तरी काम सोळा सेकंदांत होतं. नेटवर्क गेलं तर फाइल थांबते आणि ते परत आलं की पुढे जाते. व्हिडिओला ही सवलत नाही.

मग अडतं कुठे? संकेत टिपताना. आरोग्य केंद्रातली परिचारिका छातीवरचा पहिला इलेक्ट्रोड लावते तो क्षण बघा. गळ्याच्या खालच्या खोबणीतून तिचं बोट उरोस्थीवरून खाली सरकतं. चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारी दुसरी बरगडी. तिथून बोटाने मोजत उजवीकडे बरगड्यांमधल्या चौथ्या फटीपर्यंत उतरायचं आणि तिथे इलेक्ट्रोड चिकटवायचा. घाईत हे मोजणं टाळलं, तर इलेक्ट्रोड दुसऱ्या किंवा तिसऱ्या फटीत बसतो, आणि धडधाकट माणसाच्या आलेखात जुन्या हृदयविकाराच्या खुणा दिसू शकतात. हातांच्या वायरींची अदलाबदल झाली तर पहिली लीड उलटी पडते. छातीच्या लीड्स मात्र नेहमीसारख्याच राहतात. हा विसंवाद अनुभवी डोळ्याला लगेच खटकतो. वर चढलेले छातीचे इलेक्ट्रोड पकडणं त्यामानाने अवघड.

दुसरा सापळा फिल्टरचा. श्वासाबरोबर आलेखाची आधाररेषा हळूहळू वरखाली डोलते. हे डोलणं काढायचं म्हणून यंत्र मंद वारंवारता गाळतं. गंमत अशी की हृदयविकाराच्या झटक्याचं निदान ज्या एसटी भागावरून (आलेखात ठोक्याच्या उंच टोकानंतर येणाऱ्या तुकड्यावरून) होतं, तोही मंद बदलणाराच संकेत. निदानासाठी फिल्टरची खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झ असावी लागते. साध्या प्रकारचा फिल्टर ०.५ हर्ट्झवर लावला तर आलेख छान स्थिर दिसतो, पण एसटी भागाला बाक येऊ शकतो. आणि बहुतेक लीड्समध्ये संशयाची सीमारेषा केवढी? कागदावर एक मिलिमीटर, म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट. तेवढा फरक फिल्टरच निर्माण करू शकतो किंवा पुसू शकतो. म्हणूनच छापील ईसीजीचा फोटो अडीअडचणीला चालला, तरी कच्चे अंक पाठवणं केव्हाही चांगलं. पलीकडे ते वेगळ्या फिल्टरने पुन्हा पाहता येतात.

मनगटी घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखतं, असे दावे हल्ली सर्रास फिरतात. नेहमीच्या वापरात असं घड्याळ एकच लीड टिपतं. अनियमित ठोके त्यात कळू शकतात, पण बारा कोनांचं काम एका कोनातून होत नाही. घड्याळात काही दिसलं नाही म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढणं घातक आहे. आणि झटका आल्यावर जोरजोरात खोकल्याने जीव वाचतो, हा फॉरवर्ड तर कृपा करून कोणी पुढे पाठवू नये. त्यात फक्त मोलाची मिनिटं जातात.

ही मिनिटं मोलाची असतात, कारण रक्तवाहिनी बंद झाल्यावर हृदयाचा स्नायू तासागणिक मरत जातो. निदानानंतर १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर रुग्णाला थेट तिकडे हलवायचं. नाहीतर गुठळी विरघळवणारं औषध जागेवरच द्यायचं, असं युरोपीय हृदयरोग संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. टेनेक्टेप्लेजसारखं औषध शिरेतून एकाच इंजेक्शनने देता येतं. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाला मात्र ते देता येत नाही. गावातल्या डॉक्टरला नेमका इथेच तज्ज्ञाचा आधार हवा असतो. औषध केंद्रात नसेल किंवा डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय परत आणणारं यंत्र, बंद पडलेला असेल, तर पलीकडचा तज्ज्ञ हताशपणे आलेख बघत बसतो.

स्थानिक हात तयार केले तर काय होतं, हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात दिसलं. तिथल्या विद्यापीठातले यकृतरोगतज्ज्ञ संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट एको सुरू केला. हेपॅटायटिस सीच्या रुग्णांना शहरात बोलावण्याऐवजी ग्रामीण भागातले आणि तुरुंगांतले डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर एकत्र येत, आपापल्या रुग्णांची माहिती मांडत आणि तज्ज्ञांबरोबर उपचार ठरवत. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या काळातल्या औषधांनी विद्यापीठात ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले, तर या केंद्रांवर ५८.२ टक्के. म्हणजे बरोबरीत. इथे व्हिडिओ होता, पण तो डॉक्टर आणि डॉक्टर यांच्यात होता. ग्रामीण डॉक्टर दर केसबरोबर शिकत गेले आणि पुढच्या रुग्णाला तज्ज्ञाची गरज कमी पडत गेली.

हृदयविकाराच्या जाळ्यातही अशी सलग देवाणघेवाण हवी, कारण पहिला ईसीजी साफ असूनही झटका सुरू असू शकतो. दुखणं थांबत नसेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढावा लागतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा संशय असेल तर इलेक्ट्रोड पाठीवर लावून तीन जादा लीड्स घ्याव्या लागतात. एक फाइल गेली, एक उत्तर आलं, केस बंद, अशी व्यवस्था असेल तर हे रुग्ण निसटतात. तज्ज्ञाला रुग्णाचा जुना आलेख नव्याशेजारी ठेवून पाहता आला पाहिजे आणि त्या परिचारिकेला फोन करून 'इलेक्ट्रोड पुन्हा मोजून लावा, दुसरा काढा' असं सांगता आलं पाहिजे. त्यासाठी साधा आवाजी फोन पुरतो.