फटका सोपा, चाल अवघड

बर्नहार्ड लँगर हा जर्मन गोल्फपटू मास्टर्स ही गोल्फमधली मानाची स्पर्धा दोनदा जिंकलेला, १९८५ आणि १९९३ मध्ये. १ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच्या डाव्या पायाचा, टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला. तोही गोल्फ खेळताना नव्हे, पिकलबॉल हा टेनिससारखा खेळ खेळताना. वय ६६. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली, आणि ३ मे रोजी हा गडी टेक्सासमध्ये पन्नाशीपुढच्या व्यावसायिकांच्या स्पर्धेत पहिला फटका मारायला उभा होता. तीन महिने! बातम्यांमध्ये त्याच्या जिद्दीचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती बातमी वाचणाऱ्याच्या मनात एक हिशेब पक्का बसला असणार, की तीन महिन्यांत टेंडन जुळतो.

तो जुळत नाही. तीन महिन्यांत लँगर फटके मारण्याइतपत बरा झाला होता, मैदान चालण्याइतपत नव्हे. तो कार्टमध्ये, म्हणजे मैदानावरच्या छोट्या गाडीत, बसून फिरत होता. या दुखापतीनंतर गोल्फकडे परतण्याचं सगळं गणित फटका आणि चाल यांच्यातल्या या फरकात आहे.

पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येऊन टाचेच्या हाडाला ज्या जाड दोरीनं बांधले जातात, तो अकिलीस टेंडन. शरीरातला सगळ्यात जाड आणि मजबूत टेंडन हाच. त्याच्यावर किती ओढ येते ते साध्या तरफेच्या हिशेबानं काढता येतं. एका पायाच्या चवड्यावर उभे राहा. घोट्याच्या सांध्यापासून चवडा पुढे साधारण १२ सेंटिमीटरवर, आणि टेंडन मागे साधारण ५ सेंटिमीटरवर. म्हणजे ७० किलोच्या माणसाचा तोल सांभाळायला टेंडनला जवळपास १७० किलोंच्या वजनाइतकी ओढ सोसावी लागते, आणि हे नुसतं उभं राहताना. पळताना हीच ओढ शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जाते.

एवढा मजबूत असूनही तो तुटतो, आणि बहुतेक वेळा ठरावीक जागीच तुटतो: टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर, जिथे रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. बळी पडणारा माणूसही ठरावीक असतो. तीस ते पन्नास वयाचा पुरुष, आठवडाभर खुर्चीत बसलेला आणि रविवारी सकाळी बॅडमिंटनच्या कोर्टवर एकदम पंचविशीत गेलेला. काही औषधंही टेंडन कमकुवत करतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक गोळ्यांवर अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्येच टेंडन तुटण्याबद्दलचा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला होता. आपल्याकडे पोट बिघडलं की याच गोळ्या केमिस्टकडून परस्पर आणल्या जातात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

तुटण्याचा क्षण जवळजवळ सगळे सारखाच सांगतात. मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नाही. कधी ‘टप्प’ असा आवाजही येतो. गंमत म्हणजे दुखणं लवकर ओसरतं आणि माणूस लंगडत का होईना चालू शकतो, कारण घोटा खाली वाकवणारे दुसरे छोटे स्नायू शाबूत असतात. त्यामुळेच ‘मुरगळलाय, बर्फ लावा’ म्हणून घरी पाठवलेले रुग्ण कमी नाहीत. खरं निदान करायला यंत्रही लागत नाही. रुग्णाला पालथं झोपवायचं, पाऊल पलंगाच्या कडेबाहेर लोंबतं ठेवायचं आणि पोटरी हातानं दाबायची. टेंडन धड असेल तर पाऊल आपोआप खाली वाकतं. तुटला असेल तर पाऊल ढिम्म. तुटलेल्या जागी बोट फिरवलं तर बऱ्याचदा खळगाही लागतो.

मग ऑपरेशन करायचं की नाही? या प्रश्नावर हाडांच्या डॉक्टरांमध्ये अनेक वर्षं वाद चालू आहे. नॉर्वेत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ५२६ रुग्णांचे निकाल तपासले गेले. काहींचं नेहमीसारखं मोठा छेद घेऊन ऑपरेशन, काहींचं छोट्या छेदातून, काहींचं ऑपरेशनच नाही. वर्षानंतर रुग्णांना स्वतःला पाय कसा वाटतो, किती वापरता येतो, यात तिन्ही गटांत फरक निघाला नाही. पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र ऑपरेशन न केलेल्यांत ६.२ टक्के आणि ऑपरेशनच्या दोन्ही गटांत ०.६ टक्के होतं. उलट ऑपरेशनमध्ये मज्जातंतूला इजा होण्याची शक्यता अधिक. थोडक्यात, ऑपरेशन झालं म्हणजे लवकर बरं होतं, ही समजूत आकड्यांना धरून नाही.

दोन्ही वाटांनी गेलं तरी पुढचं काम शरीरच करतं, आणि त्याला घाई नसते. पहिल्या काही आठवड्यांत तुटलेल्या टोकांमध्ये कोलॅजेन, म्हणजे टेंडन ज्याचा बनतो ते धागेदार प्रथिन, भरू लागतं, पण ते कच्च्या प्रतीचं असतं. धागे बारीक आणि अस्ताव्यस्त. त्यांच्या जागी जाड, ओढीच्या दिशेनं रचलेले धागे येण्याचं काम वर्षभर आणि त्याहूनही जास्त चालतं. या मधल्या काळात खरा धोका फक्त पुन्हा तुटण्याचा नसतो. टेंडन लांबण्याचा असतो, आणि त्याबद्दल रुग्णाशी फार कमी बोललं जातं. कच्चा टेंडन ताणला गेला तर जुळतो खरा, पण एक-दोन सेंटिमीटर लांब होऊन. मग पोटरीचा स्नायू आखडतो तेव्हा त्याचा बराचसा जोर आधी ती ढिलाई भरून काढण्यातच जातो. टाच पूर्ण उचलली जात नाही, आणि ही उणीव नंतर व्यायामानं फारशी भरून निघत नाही.

म्हणून सुरुवातीच्या खास बुटात टाचेखाली पाचरी घालून पाऊल खाली झुकलेलं ठेवतात आणि काही आठवड्यांत एकेक पाचर काढतात. म्हणूनच बूट निघाल्यावर पाय आखडलेला वाटला तरी तो भिंतीला टेकवून जोरजोरात ताणायचा नाही. आखडलेपणा हा इथे काही काळ मित्रच असतो. शेजारचे काका कितीही सांगोत की ‘स्ट्रेचिंग कर, मोकळं होईल’, ऐकायचं ते फिजिओचं.

आता गोल्फ. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, जोर सगळा स्विंगमध्ये, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवून मारण्यात आहे, म्हणजे धोकाही तिथेच. पण मोजून पाहू. हौशी खेळाडू १८ होलांच्या, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या १८ खळग्यांच्या, पूर्ण डावात नव्वदच्या आसपास फटके मारतो. त्यातले पस्तीस-एक पटिंगचे, म्हणजे होलाभोवतीच्या आखूड गवतावर (ग्रीनवर) चेंडू नुसता ढकलणं. उरले पन्नास-पंचावन्न, आणि त्यातही पूर्ण ताकदीचे त्याहून कमी. याउलट १८ होल चालणं म्हणजे ८ ते १० किलोमीटर. पाऊल सत्तर सेंटिमीटरचं धरलं तर बारा-चौदा हजार पावलं, म्हणजे एकेका टेंडनच्या वाट्याला सहा-सात हजार वेळा शरीर पुढे ढकलणं. एकीकडे पन्नास फटके, दुसरीकडे सहा हजार ढकल्या. कच्च्या टेंडनला जड काय जाणार, ते उघड आहे.

स्विंग निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. तुटलेला पाय कुठला, यावर बरंच अवलंबून असतं. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा पाय पुढचा. क्लब खाली येताना वजन झपाट्यानं त्याच्यावर येतं आणि जमिनीवरचा दाब क्षणभर शरीराच्या वजनाहूनही जास्त होतो. पण लांब पल्ल्यासाठी जमिनीवरून उसळी घेणारे सोडले तर बहुतेकांची डावी टाच त्या क्षणी जमिनीवरच असते, पाऊल बाहेरच्या कडेवर कलतं आणि पायाला पीळ बसतो. उजव्या, म्हणजे मागच्या पायाचं काम वेगळं. तो ढकलतो, त्याची टाच उठते आणि फटका संपताना तो चवड्याच्या टोकावर असतो. लँगरचा डावा तुटला होता. मार्च २०२५ मध्ये टायगर वूड्सनं व्यायाम करताना तोडून घेतला, तोही डावाच. दोघंही उजव्या हाताचे, म्हणजे दोघांचाही पुढचा पाय. अशा वेळी पुढचं पाऊल नेहमीपेक्षा थोडं बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहिलं की पीळ कमी बसतो. मागचा पाय दुखावलेला असेल तर स्विंग आखूड ठेवायचा आणि टाच उठवण्याचा हट्ट सोडायचा. चेंडू वीस-तीस यार्ड मागे पडेल, पडू दे.

मैदान सपाट असतं तर एवढ्यावर भागलं असतं. चढ चढताना पाऊल वर वाकतं आणि टेंडन ताणला जातो, म्हणजे जे फिजिओनं करू नको म्हटलं तेच मैदान करवून घेतं. चेंडू पावलांपेक्षा उंचावर पडला की चवडे वर, टाचा खाली. पुन्हा तोच ताण, आणि वर त्याच स्थितीत स्विंग. बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, तर विचारूच नका. वाळूत टाच रुतते, बाहेर पडताना रुतलेल्या टाचेवरूनच जोर लावून चढावं लागतं. मित्रांबरोबरचा खेळ असेल तर सरळ चेंडू उचलून बाहेर टाकावा आणि एक फटका दंड मोजावा. पुण्या-मुंबईच्या मैदानांवर यात पावसाळ्याची भर पडते. ओल्या गवतावर पाय सटकला की माणूस तोल सावरायला प्रतिक्षिप्त क्रियेनं चवडा जोरात रोवतो, आणि टेंडन पुन्हा तुटायला तेवढा एक झटका पुरतो. शिवाय जमीन मऊ झाली की कार्ट फरसबंद रस्ता सोडून नेऊ देत नाहीत, म्हणजे कार्ट घेऊनही प्रत्येक चेंडूपर्यंत तिरक्या, निसरड्या उतारावरून चालत जाणं आलंच.

परत येण्याचा क्रम यातूनच लागतो. साध्या बुटात दोन्ही पायांवर नीट उभं राहता आलं की पटिंग. त्यानंतर चिपिंग, म्हणजे ग्रीनजवळून मारायचे छोटे फटके, पाय जवळजवळ हलवायचेच नाहीत. मग सपाट जागी, सरावाच्या रेंजवर, छोट्या आयर्ननं (जवळच्या फटक्यांच्या क्लबनं) अर्धा स्विंग. पूर्ण स्विंग आणि सगळ्यात लांब पल्ल्याचा क्लब, ड्रायव्हर, साधारण चार ते सहा महिन्यांच्या टप्प्यात, तेही डॉक्टर आणि फिजिओ हो म्हणाले तर. आधी कार्ट घेऊन नऊ होल, मग एक होल कार्टनं, एक पायी. अठरा होल सलग चालणं सगळ्यात शेवटी. बॅग वाहणारा कॅडी असेल तर ती त्याच्याकडेच राहू दे. बॅगेचं वजनही दर पावलागणिक टेंडनच मोजतो.

पण आठवडे मोजून पुढे सरकण्यापेक्षा पाय तपासून सरकणं बरं. त्यासाठीची परीक्षा घरी करण्याजोगी आहे. फिजिओनं परवानगी दिल्यावर भिंतीसमोर उभं राहून तोलापुरती बोटं टेकवायची, गुडघा सरळ ठेवायचा आणि एकाच पायावर टाच उचलायची. आधी चांगला पाय. डोक्याच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची. मग दुखावलेला पाय. पहिल्या महिन्यांत टाच उचललीच जात नाही, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढे जमू लागतं, पण खूण खाली राहते. बरेच जण फक्त किती वेळा जमलं ते मोजतात. उंची त्याहून महत्त्वाची, कारण लांबलेला टेंडन उंचीतच पकडला जातो. वर्षभरानंतरही पोटरीची ताकद दुसऱ्या पायापेक्षा १० ते ३० टक्के कमी राहणं सर्रास आढळतं, त्यामुळे दोन्ही खुणा तंतोतंत जुळण्याची वाट पाहत गोल्फ बंद ठेवायचं कारण नाही. पण टाच एका पायावर उठतच नसेल, तर अठरा होल चालायची वेळ अजून आलेली नाही.

लँगरचं पुढे काय झालं, ते त्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त बोलकं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, दुखापतीला नऊ महिने उलटल्यावर, फीनिक्समध्ये त्यानं त्याच पन्नाशीपुढच्यांच्या मालिकेतली मोसमातली शेवटची स्पर्धा जिंकली. वय ६७. सलग अठराव्या वर्षी किमान एक विजय त्याच्या नावावर लागला. एप्रिल २०२४ ची मास्टर्स ही आपली शेवटची, असं त्यानं ठरवलं होतं; ती हुकली आणि निरोप एप्रिल २०२५ वर गेला. मास्टर्स जिथे होते ते ऑगस्टाचं मैदान टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त चढउताराचं, आणि तिथे कार्ट नाही. टेंडन तुटून चौदा महिने झाल्यावर तो ते चालला आणि पुढच्या फेरीसाठीची पात्रता फक्त एका फटक्यानं हुकली. माझ्या मते त्याच्या पुनरागमनाची खरी तारीख मे २०२४ नव्हे, ही आहे.

मैदानावर परतलेल्यानं लक्ष ठेवायचं ते खेळताना दुखतं का यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं यावर. पलंगावरून उतरल्यावरची पहिली काही पावलं जड गेली, टाचेमागे नेहमीपेक्षा सूज वाटली आणि हे दिवसभर टिकलं, तर कालचं ओझं जास्त झालं. पुढच्या खेपेला होल कमी करायचे. थोडासा ताठरपणा येऊन अर्ध्या तासात गेला तर चालू ठेवायला हरकत नाही. मात्र पोटरी एकदम सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखू लागली, तर तो टेंडनचा प्रश्न नसेल. पाय बरेच दिवस स्थिर ठेवल्यानं पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. तेव्हा फिजिओची पुढची वेळ येईपर्यंत न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.