एससीएमएस वेगळं, सीडीचं लॉक वेगळं

‘सीडी कॉपी-प्रोटेक्टेड आहे, म्हणून मिनिडिस्क डेक रेकॉर्ड करत नाही.’ हे वाक्य ऐकून कान किटले. मिनिडिस्क डेक म्हणजे छोट्या चकतीवर डिजिटल आवाज भरणारं यंत्र. दोन वेगळी कुलपं आहेत ही: एक सीडीवरचं, दुसरं रेकॉर्डरमधला एससीएमएस (सिरियल कॉपी मॅनेजमेंट सिस्टिम), जो नकलेची नक्कल अडवतो.

सीडीचं लॉक म्हणजे चकतीवरचं कॉपी-प्रोटेक्शन: कॅक्टस डेटा शील्ड, की2ऑडिओ, आणि 2005 मध्ये विंडोजमध्ये रूटकिट (लपून बसणारं सॉफ्टवेअर) घुसवणारं सोनी बीएमजीचं एक्ससीपी. या सगळ्यांचा रोख कम्प्युटरवर. साध्या प्लेअरवर ती चकती वाजते आणि त्याच्या ऑप्टिकल आउटमधून (प्रकाशाच्या वायरीने डिजिटल आवाज बाहेर देणारी जागा) डेकला बहुतेक वेळा सिग्नल नीट मिळतो. अशा चकतीला सीडी म्हणूच नये. सीडी घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या फिलिप्सनेही अशा चकत्यांवर सीडीचा लोगो छापायला हरकत घेतली होती.

एससीएमएस बसतो रेकॉर्डरमध्ये: डॅट (डिजिटल टेप), मिनिडिस्क, घरगुती सीडी-रेकॉर्डर. ऑप्टिकल वायरीतून आवाजासोबत दोन खुणा येतात. एक सांगते की कॉपीराइट आहे का, दुसरी सांगते की हे मूळ आहे की नक्कल. ‘कॉपीराइट आहे, पण मूळ आहे’ असं दिसलं की डेक निमूट रेकॉर्ड करतो आणि आपल्या डिस्कवर ‘नक्कल’ अशी नोंद ठेवतो. ती डिस्क दुसऱ्या डेकला ऑप्टिकलने जोडा, लगेच पडद्यावर ‘कॅनॉट कॉपी’.

घोळ होतो तो इथेच. ‘एकदाच कॉपी करता येते’ याचा अर्थ एकच प्रत असा नाही. एससीएमएस प्रती मोजत नाही, पिढ्या मोजतो. दुकानातल्या मूळ सीडीवरून दहा मिनिडिस्क भरा, दहाही भरतील. त्या दहांपैकी एकीवरूनही अकरावी डिजिटल भरणार नाही. घरगुती रेकॉर्डरवर केलेल्या सीडी-आरचंही (रेकॉर्ड करता येणाऱ्या सीडीचंही) तेच: तिच्यातली कॉपीराइटची खूण सतत चालू-बंद होत राहते, आणि डेक त्यावरून नक्कल ओळखतो. म्हणून तेच गाणं मूळ सीडीवरून चालतं, सीडी-आरवरून अडतं.

अडलं तर अ‍ॅनालॉग घ्या. आरसीए केबल लाइन-इनला लावा, गाण्यातला सगळ्यात मोठा आवाज 0 डीबीच्या (मीटरच्या कमाल पातळीच्या) थोडा खाली राहील अशी लेव्हल ठेवा. नीट घेतलेलं अ‍ॅनालॉग रेकॉर्डिंग कानाला सहसा खटकत नाही, आणि त्यावरून पुढे एक डिजिटल पिढी काढताही येते.

डेकच्या पडद्यावर ‘डीआयएन अनलॉक’ (डीआयएन म्हणजे इथे डिजिटल इन) दिसलं तर एससीएमएसला दोष देऊ नका. डेकला सिग्नलच मिळत नाहीये. डिस्कमनवरून (सोबत नेता येणाऱ्या सीडी प्लेअरवरून) घेत असाल तर आधी ईएसपी, म्हणजे धक्का लागला तरी गाणं अडखळू न देणारी सोय, बंद करा. ते चालू असताना कित्येक मॉडेलांचा ऑप्टिकल आउट बंदच असतो.